गाडीचा भाव नको, खुराक विचारा

बैलजोडी घ्यायला आपण नेकनूरच्या बाजारात जातो तेव्हा काय करतो ते जरा आठवा. आधी दात बघतो. खांदा चाचपतो, खूर उचलून बघतो, दहा पावलं चालवून बघतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तो सगळ्यात शेवटी. आणि भाव ठरला तरी घरी आल्यावर म्हातारी माणसं एकच विचारतात, "ह्याला खायला किती लागतं? उन्हाळ्यात पोसवेल का?" पिढ्यान् पिढ्या हा शहाणपणा आपल्याकडे आहे. पण हाच माणूस जुनी गाडी मोडून दुसरी घ्यायला पुण्याला जातो, तेव्हा दात बघत नाही, खूर बघत नाही आणि खायला किती लागतं हे तर विचारतच नाही. विचारतो फक्त भाव. आणि भाव ऐकून हुरळून जातो.

हे दुसऱ्याचं सांगत नाही, माझ्याच घरचं सांगतो. आमची लहान डिझेल गाडी २००७ सालची, एमएच-२३ पासिंगची. तिची पंधरा वर्षं २०२२ मध्ये भरली. पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली, म्हणजे कागदावर ती २०२७ पर्यंत जिवंत आहे. अंगात मात्र जीव राहिला नव्हता. पोळ्याच्या आठवड्यात वहिनीला अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचं होतं. धारूरच्या घाटात क्लच गेला. मागं ट्रकांची रांग, वरून पाऊस, आत आजारी माणूस. पुतण्या गाडी ढकलत होता आणि त्याची आई मागच्या सीटवरून त्याच्याकडं बघत होती. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री मात्र त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"तात्या, ही बघा."

जर्मन बनावटीची काळी, लांबलचक गाडी. २०१३ चं मॉडेल, पुणे पासिंग, भाव सव्वापाच लाख.

"नव्या लहान गाडीपेक्षा स्वस्त आहे. अन् दारात उभी राहिली म्हणजे..." पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. पोरगा एकोणतिसाचा झाला. दोन वर्षांत सहा ठिकाणी पोरी बघितल्या. मुलीकडचे जमीन किती विचारतात, पाणी आहे का विचारतात आणि शेवटी नोकरी कुठं आहे ते विचारून चहा पिऊन उठतात. तुमच्या गावात अशी किती पोरं बसून आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा गाडीचा हा हट्ट नुसता डौल म्हणून उडवून लावता येत नाही. पैसेही होते. रस्त्यात गेलेल्या वीस गुंठ्यांचा मावेजा बँकेत पडून होता.

आम्ही पुण्याला जाऊन गाडी बघितली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडली. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. सीट म्हणजे गादी. व्यापारी म्हणाला, आज बयाणा द्या, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. हे वाक्य मी बैलबाजारात इतक्यांदा ऐकलेलं आहे की तिथंच मन थोडं थबकलं. दोन दिवस मागून घेतले आणि बीडला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. चाचांनी फोटो बघितला, कागद बघितला आणि म्हणाले, "तात्या, गाडी चांगली आहे. पण भाव नका विचारू, खुराक विचारा. हिची नवी किंमत काय होती?"

मी म्हणलं, चाळीस लाखांच्या आसपास असंल.

"मग हिला लागणारा पार्ट चाळीस लाखांच्या गाडीचाच येणार. गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही."

हे एक वाक्य मला सव्वापाच लाखांचं वाटलं. म्हणून हा लेख.

दीडशे गाड्यांची आठवण

मोठ्या गाडीची ओढ मराठवाड्याला नवी नाही. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या. उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी मिळून सौदा केला होता. सौदा सुमारे ६५ कोटींचा. सरासरी काढली तर गाडीमागं ४३ लाख रुपये. मागासलेला म्हणून ओळखला जाणारा मराठवाडा एका दिवसात देशाच्या बातम्यांत आला.

त्याच वर्षाच्या अखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी या सौद्याची दुसरी बाजू लिहिली. त्या ६५ कोटींपैकी ४० कोटींहून जास्त रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेनं ७ टक्के व्याजानं दिली होती, आणि त्याच काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी १२ टक्क्यांच्या आसपास व्याज पडत होतं. ज्यानं नांगरायचं त्याला महाग पैसा आणि ज्यानं मिरवायचं त्याला स्वस्त, असा तो न्याय होता.

पण मला आज त्या सौद्याची वेगळ्या कारणानं आठवण येते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या वेळी नोंद झालेल्या गाड्यांपैकी ज्या अजून रस्त्यावर असतील, त्यांची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरात भरली. गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडं जाते, तिथून तिसऱ्याकडं, आणि मग एखाद्या दिवशी तुमच्या-माझ्या मोबाईलवर येते. एके काळच्या चाळीस लाखांची गाडी चार-पाच लाखांत! वाटतं, आपली पाळी आली. पाळी आलेली असते ती दुरुस्तीची.

गाडी इतकी स्वस्त का होते, हे समजून घ्या. विम्याच्या हिशेबातच घसारा धरलेला आहे. दुसऱ्या वर्षात किमतीतून २० टक्के वजा होतात, पाचव्या वर्षात ५० टक्के. पुढं तर ठरलेला दरच नाही, दोघांनी मिळून ठरवायची ती किंमत. हा घसारा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. वापरलेल्या गाडीचा खरा फायदा हाच आहे आणि तो मी नाकारत नाही. पण मालक गाडी कधी विकतो? मोठा खर्च पुढं दिसायला लागला की विकतो. म्हातारा बैल बाजारात कधी येतो, ते आपल्याला ठाऊक आहेच.

दिल्लीच्या गाड्यांचं कारण आणखी निराळं. तिथं डिझेल गाडीला दहा वर्षं आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं अशी मर्यादा हरित लवादानं २०१५ मध्ये घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयानं मालकांना काही दिलासा दिला खरा, पण मधल्या वर्षांत तिथल्या भारी गाड्या मिळेल त्या भावानं बाहेरच्या राज्यांत निघाल्या. अशी गाडी स्वस्त दिसते. मात्र तिला तिकडच्या कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, महाराष्ट्रात कर भरावा लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो. हे सगळं भावात धरलेलं नसतं.

खुराकाचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा महिन्याला तुमचं हजार किलोमीटर फिरणं होतं. लहान गाडी लिटरला वीस किलोमीटर देते, म्हणजे पन्नास लिटर लागलं. जड, मोठ्या इंजिनाची जुनी गाडी दहा देते असं धरा, म्हणजे शंभर लिटर. पन्नास लिटरचा फरक. इंधन नव्वद रुपयांनी धरलं तरी महिन्याला साडेचार हजार आणि वर्षाला ५४ हजार रुपये जास्तीचे गेले. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. म्हणजे दहा क्विंटल सोयाबीन नुसतं टाकीत ओतलं. तेही हमीभाव हातात पडला तर. बाजारात काय भाव पडतो ते तुम्हाला माहीत आहे.

ही झाली वैरण. पेंड अजून बाकी आहे. अशा काही गाड्यांना पंक्चर झाल्यावरही चालणारे टायर असतात आणि डिकीत जादा चाक नसतं. तो टायर फुटला तर तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर साध्या टायरचा भाव विसरायचा. गाडी जमिनीला टेकलेली. गावात गतिरोधक कुणी मापानं केलेले नाहीत, पांदीची तर गोष्टच सोडा. एक दणका बसला आणि तेलाची टाकी फुटली की इंजिन गेलं. काही गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात. ते गळायला लागले की गाडी सकाळी मांडी घालून बसलेली दिसते. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीची गिअरपेटी बिघडली तर ती गल्लीतला मिस्त्री उघडत नाही. संभाजीनगर नाहीतर पुणे गाठावं लागतं, आणि बंद गाडी उचलून न्यायचं भाडं वेगळंच.

ज्यांची नजर थोड्या नव्या डिझेल गाडीवर आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आला. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. तिच्यात साचलेली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर, चांगल्या वेगात चालावी लागते. आपलं चालणं कसं? शेत ते घर, घर ते बाजार, आठ किलोमीटर जायचं आणि बंद करायची. अशानं जाळी तुंबते. म्हणजे गाडी खराब नसते, आपलं चालवणं तिच्या स्वभावाला धार्जिणं नसतं.

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. माझं सांगणं एवढंच, जी किंमत मोजणार तिच्या निदान चौथाई रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची ताकद असेल, तरच अशा गाडीला हात घाला. सगळा पैसा गाडीत घालून खिसा मोकळा झाला, तर तिचा पहिला आजार तुमच्या पुढच्या पेरणीच्या बियाण्यातून जाईल. पीककर्जाच्या पैशाला तर गाडीसाठी हातच लावू नका. ते वेळेवर फेडलं तर व्याजात सवलत मिळते, थकलं तर सवलत गेली आणि पुढचं कर्जही अडलं.

मग जुनीच ओढत बसायचं का?

नाही. तसं म्हणणं म्हणजे दुसरं टोक झालं. शेतकऱ्यानं चांगल्या गाडीत बसू नये असं कुणी म्हणत असेल तर त्याला मी आडवा येईन. डॉक्टरनं गाडी घेतली तर कुणी हिशेब विचारत नाही. शेतकऱ्यानं घेतली की, "मावेजा आला वाटतं!" असं पारावर सुरू होतं. ही कुजकट बोलणी बंद झाली पाहिजेत.

शिवाय चांगली गाडी घेण्याला एक खरं कारण आहे, जीव. आमच्या २००७ च्या गाडीत एअरबॅग नव्हती. बीड जिल्ह्यानं गाडीच्या अपघातात काय गमावलं ते विसरता येत नाही. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले. बीडला यायला विमानतळाकडं निघाले होते. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं त्या वेळी सांगण्यात आलं. पुढं ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. ती गाडी मर्सिडीज होती आणि तेही मागच्या सीटवर पट्ट्याविना होते. यातून शिकायचं ते हे, की गाडी मजबूत असावी, पण भारी गाडीही पट्टा न लावणाऱ्याला वाचवीलच असं नाही.

तेव्हा प्रश्न असा करा, म्हातारा खिलार घ्यावा की तरणा लालकंधारी? १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढं एअरबॅग सक्तीची झाली. त्याच वर्षी चाकं जाम होऊ न देणारे ब्रेकही सर्व नव्या मोटारींना आले. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या भारी गाडीच्या भावात पाच-सहा वर्षांची लहान गाडी मिळत असेल, तर ह्या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत आणि त्या अजून ताज्या आहेत. जुन्या भारी गाडीत एअरबॅग लिहिलेल्या असतात आठ. पण एखाद्या अपघातात त्या उघडून गेल्या असतील आणि वर नुसतं झाकण लावलं असेल, तर ते बाहेरून कळत नाही. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या लहान गाडीचा भाव उतरला की तिच्या जुन्या बहिणीचाही उतरतो. जाता जाता सांगतो, ट्रॅक्टरवरचा जीएसटीही त्याच दिवशी १२ वरून ५ टक्के झाला.

दात असे मोजा

गाडी कोणतीही घ्या, पारख बैलासारखीच करा. गाडीचे दात म्हणजे टायर. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मालक म्हणतो गाडी वीस हजारच चालली आणि टायर मात्र तिसऱ्यांदा बदललेला, तर मीटर मागं फिरवलाय हे समजा. सर्व्हिसच्या पावत्या मागा, त्यावर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि रात्रभर थंड असलेलं इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेली गाडी खोड लपवते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या, सीटच्या पट्ट्यांखाली गंज बघा. २६ जुलै २००५ ला मुंबईत गाड्या कशा पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय, आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यातही पाण्यानं गावंच्या गावं वेढली होती. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. त्यांच्या तारा पुढं वर्षभरानं सडतात. भारी गाडीत तर सगळा खेळ तारांचाच.

आणि आपला मिस्त्री संगं न्या. त्याची एका दिवसाची मजुरी आणि जेवण हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा बघतो, बोजा आहे का बघतो, फेरफार पडल्याशिवाय झोप येत नाही. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. तिच्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन आधी तो उतरवा. मग २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर हस्तांतरण. थकलेली चलनं आधी भरून घ्या. विमाही नावावर करून घ्या, त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडं अर्ज करायचा असतो. तुमच्या जुन्या गाडीच्या विम्यावर दावा न केल्याची सूट साचलेली असेल तर ती गाडीची नसते, तुमची असते. तिचं पत्र घ्या, नव्या गाडीच्या हप्त्यात ती वजा होते.

घेताना लोक एवढी तरी काळजी घेतात. जुनी गाडी विकताना मात्र शंभराच्या स्टँपवर सही आणि किल्ली हातात, झाला व्यवहार! हे सगळ्यात घातक आहे. सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलं की, गाडी दोन-चार हात फिरली असली तरी कार्यालयाच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे पन्नास हजाराला विकलेल्या गाडीनं तिकडं कुणाचा जीव घेतला, तर नोटीस तुमच्या दारी येईल. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं, हे मोटार वाहन कायद्यातच आहे.

दुसरा फटका योजनांचा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हाच अट होती की कुटुंबातल्या कुणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर लाभ नाही. केशरी रेशनकार्डालाही चारचाकी नसण्याची अट १९९९ पासून आहे. नोंदीला गाडी चार लाखांची की चाळीस लाखांची हे कळत नाही, ती चालते की गोठ्यात पडलीय हेही कळत नाही. नाव दिसतं, लाभ थांबतो. ज्यानं गाडी कधीच विकली पण नाव उतरवलं नाही, त्याच्या बायकोचे दीड हजार अडले तर दोष कुणाला द्यायचा?

इथं सरपंचांना आणि ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, एक विनंती आहे. एका ग्रामसभेत एवढाच विषय घ्या. गावात विकलेल्या पण नावावर राहिलेल्या किती गाड्या आहेत त्याची यादी करा आणि ती परिवहन कार्यालयाकडं देऊन तालुक्याच्या ठिकाणी हस्तांतरणाचं शिबिर मागा. अर्ज आता संगणकावर होतात हे खरं, पण ज्याच्या आधाराला मोबाईल जोडलेला नाही त्या म्हाताऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि अधिकारी मंडळींनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावं, सरकारी नोकरानं मोठी जंगम खरेदी केली की ती कार्यालयाला कळवावी लागते. दारात काळी लांब गाडी उभी राहिली की गाव आधी पगार मोजतं.

शेवटी काय केलं

आम्ही ती जर्मन गाडी घेतली नाही. पुतण्याला मी नाही म्हणलो नाही, हिशेब पुढं ठेवला आणि म्हणलं, पैसा तुझ्या बापाच्या जमिनीचा आहे, तूच ठरव. वीस गुंठे रान पुन्हा येत नाही. ते गेलं त्याच्या बदल्यात जे घेशील ते दरसाल काही देणारं असावं, निदान खाणारं नसावं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तात्या, आईला दवाखान्यात नेता आली पाहिजे, एवढीच गाडी बघू."

एका गुरुजींची २०२० ची लहान पेट्रोल गाडी घेतली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्यांसकट. उरलेल्या पैशात विहिरीचं खोदकाम आणि दीड एकर ठिबक झालं. जुनी गाडी शेजारच्या गावच्या भाजीवाल्यानं घेतली. नाव त्याच्यावर चढेपर्यंत मी किल्ली दिली नाही. तो थोडा रागावला, पण त्याचंही भलंच झालं.

मागच्या महिन्यात सातवं स्थळ येऊन गेलं. मुलीचे वडील शेतकरीच. दारातल्या गाडीकडं त्यांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. नंतर विहिरीवर गेले आणि काठावर उभं राहून किती पुरुष पाणी आहे, ते बराच वेळ विचारत होते. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. काळी गाडी दारात असती तर निरोप लवकर आला असता, असं पुतण्याला अजूनही वाटतं, आणि त्याला खोटं ठरवायला माझ्याकडं पुरावा नाही. पण लग्न ठरलंच, तर सून घरात आल्यावर पहिल्या वर्षी तिच्यासमोर गाडीचं बिल येणार नाही, पाण्याची मोटर चालू असेल, एवढं मी सांगू शकतो.

तेव्हा मंडळी, गाडी जरूर घ्या. मनासारखी घ्या. पण व्यापाऱ्यानं भाव सांगितला की लगेच मान हलवू नका. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांनी बैल बघून जे विचारलं असतं तेच विचारा, "ह्याला खायला किती लागतं?" त्याचं उत्तर आपल्या रानातून निघत असेल, तर खुशाल बयाणा द्या.